बंडी अडवा, पण काटा दाखवा

गेले काही आठवडे नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एकच वाद चालू आहे, आणि तो फार वाईट पद्धतीने चालू आहे. शेअर खरेदी-विक्रीच्या एका ॲपने आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं खातं गोठवलं. मेल आली ती दोन ओळींची: आपल्या खात्यात निषिद्ध व्यवहार आढळले आहेत, पुढील सूचनेपर्यंत खरेदी-विक्री आणि पैसे काढणं बंद. तेव्हापासून निम्मी मंडळी म्हणतात, ही ॲपवाल्यांची मनमानी आहे, नियमबियम सगळी बतावणी. उरलेली म्हणतात, काहीतरी केलंच असेल पोराने, उगाच कोण कशाला खातं गोठवेल? दोन्ही बाजू रोज तीच वाक्यं बोलतात आणि उन्हं वर आली की घरी जातात.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. संशय आला त्या क्षणी व्यवहार थांबवण्याचा अधिकार प्लॅटफॉर्मकडे असलाच पाहिजे, आणि तो आजच्यापेक्षा कडकपणे वापरला तरी माझी हरकत नाही. पण थांबवणं हे एक काम आहे आणि दोषी ठरवणं हे दुसरं. ज्या व्यवहारावरून खातं थांबवलं तो व्यवहार, त्याची वेळ आणि मोडलेला नियम खातेदाराला ठरावीक मुदतीत दाखवला नाही, तर ते थांबवणं दिवसागणिक शिक्षाच होत जातं. आणि आरोप न सांगता दिलेली शिक्षा मी कोणत्याही बाजाराच्या सोयीसाठी मान्य करणार नाही.

आधी पहिल्या बाजूचं बघू, कारण ती ऐकायला गोड लागते. 'माझा पैसा, माझी ऑर्डर. टाकली काय आणि रद्द केली काय, कोणाचं काय गेलं?' हा प्रश्न मला तरुण मुलं नेहमी विचारतात. समजा, कळमन्याच्या बाजारात मिरचीचा लिलाव चालू आहे. मागे उभा असलेला एक जण चढ्या बोल्या लावतो आहे, पण त्याला माल घ्यायचाच नाही. त्याचं ऐकून बाकीचे भाव चढवतात, तेवढ्यात त्याचा भाऊ पुढे होऊन आपली पोती त्या चढ्या भावाने विकतो, आणि मागचा आपली बोली परत घेतो. शेअर बाजारात यालाच स्पूफिंग म्हणतात. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात विकून उलाढाल फुगवणं म्हणजे वॉश ट्रेड. मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर येणार हे आधी कळल्यावर आपली ऑर्डर पुढे घुसवणं म्हणजे फ्रंट रनिंग. यात 'माझा पैसा' राहिला कुठे? भाव सगळ्यांचा मिळून ठरतो, त्यात खोटं मिसळलं की नुकसान सगळ्यांचं होतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या सरकारी नियामकाच्या 2003 च्या नियमांनी या प्रकारांना बंदी घातली ती याच कारणाने.

आणि नुकसान कोणाचं होतं? सेबीच्याच अभ्यासानुसार 2024-25 या आर्थिक वर्षात फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर लावलेल्या सौद्यांमध्ये, व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 91 टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित निव्वळ तोटा 1,05,603 कोटी रुपये होता. हा सगळा तोटा लबाडीने झाला असं मी म्हणणार नाही. बराचसा घाईमुळे, झटपट नफ्याच्या ओढीमुळे आणि प्रत्येक सौद्यावर द्याव्या लागणाऱ्या खर्चामुळे झाला. पण जिथे दहातले नऊ जण आधीच हरतात, तिथे कोणी भावात हात घातला तर त्याची किंमत तेच नऊ जण मोजतात. म्हणून पहारा सैल करा असं म्हणणारा माणूस नकळत मोठ्या लबाडांचीच वकिली करतो.

पहारा नसलेला बाजार कसा असतो हे नागपूरकरांना दुसऱ्या गावी जाऊन शिकायची गरज नाही. डब्बा हा शब्द इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. 2016 साली पोलिसांनी इथे डब्बा व्यापारावर छापे घातले होते. डब्ब्यात ऑर्डर बाजारात जातच नाही. ती डब्बेवाल्याच्या वहीत जाते. भाव खऱ्या बाजाराचा, सौदा मात्र त्याच्याशीच. तुम्ही हरलात तर तो वसूल करतो, जिंकलात तर पैसे देणं त्याच्या मर्जीवर. तिथे खातं गोठवणारं कोणी नसतं, कारण तिथे खातंच नसतं. ॲपच्या जाचाला कंटाळून डब्ब्याकडे किंवा परदेशी बेनामी संकेतस्थळांकडे वळणारी मुलं मी पाहिली आहेत. ती गेली याचा दोष फक्त त्यांच्या हावेला देता येईल का? कायदेशीर बाजारात न्याय दिसला नाही की माणूस बेकायदेशीर बाजारात ओळख शोधतो.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. पैसा पळतो, आणि पळालेला पैसा परत येत नाही. हे मी पूर्ण मान्य करतो, कारण आपल्या शहराने ते भोगलं आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये सरकारी रोखे घेण्यासाठी दलालांकडे गेले. रोखे आले नाहीत, पैसेही आले नाहीत. हे 2002 साली उघडकीला आलं. फौजदारी खटल्यात दोषी ठरवणारा निकाल डिसेंबर 2023 मध्ये लागला. एकवीस वर्षं. त्या बँकेवर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं पीककर्ज चालत होतं. पहिली रक्कम गेली आणि रोखे आले नाहीत त्याच आठवड्यात कोणी हात धरला असता तर? म्हणून मी म्हणतो, संशयावर थांबवा. आधी नोटीस, मग सुनावणी, मग कारवाई असा क्रम अशा ठिकाणी चालत नाही. नोटीस पोहोचेपर्यंत खातं रिकामं होतं.

पण थांबवल्यानंतर पुढे काय? इथे दोन्ही बाजू गप्प होतात, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे.

माझे आजोबा हिंगणघाटला कापसाच्या बाजारात मापारी, म्हणजे माल तोलणारे, होते. त्यांच्या तरुणपणी सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायचे, भाव ठरायचा, आणि बंडीवर, म्हणजे कापसाच्या बैलगाडीवर, बसलेल्या मालकाला तो शेवटी सांगितला जायचा. मग कट्टी, म्हणजे कपात. ओल आहे म्हणून कट्टी, पत्ती आहे म्हणून कट्टी, सरकी हलकी आहे म्हणून कट्टी. लक्षात घ्या, व्यापाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. कापसावर पाणी मारणारे, तळाशी दगड घालणारे होतेच. आजोबा स्वतः सांगायचे की, बंडीच्या पोटातून काय निघेल याचा नेम नसे. पण लबाडी खरी होती म्हणून कट्टी न्याय्य ठरत होती का? ज्याला कट्टीचा फायदा, तोच ओल ठरवणार आणि तोच किती कापायचं ते सांगणार. प्रामाणिक आणि लबाड, दोघांच्या बंडीला सारखीच कट्टी लागे. मग प्रामाणिक राहण्यात शहाणपण काय उरलं?

शेजारच्या वऱ्हाडात या प्रश्नाला उत्तर शोधायला सुरुवात फार आधी झाली होती. कारंज्याला 1886 साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला, 1897 मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा आला, आणि आमच्या मध्य प्रांतात कापूस बाजाराचा कायदा 1932 मध्ये झाला. त्या कायद्यांनी कापूस तपासू नका असं म्हटलं नाही. वजन परवानाधारक माणूस करेल, ठरलेल्या जागी करेल, आणि मनाला येईल ती कट्टी चालणार नाही, असं म्हटलं. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. वऱ्हाडातल्या बाजार समित्यांवर सुरुवातीला व्यापाऱ्यांचंच वजन होतं, शेतकऱ्याचा आवाज तिथे पोहोचायला पुढची कित्येक वर्षं गेली. तरीही रुमाल बाजूला झाला ही छोटी गोष्ट नव्हती. आज नागपूरच्या कॉटन मार्केटात कापूस राहिला नाही, भाजी विकली जाते. पण तिथल्या वांग्याच्या पोत्यालाही मालकासमोर काटा लागतो. आणि मोबाइलवरच्या बाजारात, जिथे प्रत्येक सौद्याची सेकंदासकट नोंद असते, तिथे आपण पुन्हा रुमालाखाली गेलो आहोत.

यावर प्लॅटफॉर्मवाले जे उत्तर देतात ते हलकं नाही. ते म्हणतात, लबाडी कशी पकडली हे सांगितलं तर लबाड पुढच्या वेळी तेवढंच टाळेल. चोराला कुलपाची रचना कोण सांगतं? पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. यंत्र कोणत्या मर्यादेला घंटा वाजवतं हे गुप्त ठेवा, माझी ना नाही. अमुक तारखेला अमुक वाजता झालेला अमुक सौदा आम्हाला संशयास्पद वाटतो, एवढं सांगितल्याने कोणतं गुपित फुटतं? तो सौदा तर त्या माणसाचाच आहे. शिवाय शेअरच्या पातळीवर बाजार हे उघडपणे करतोच. 2018 पासून चालू असलेल्या एएसएम, म्हणजे जादा देखरेखीखालच्या शेअरच्या, यादीत कोणता शेअर कोणत्या निकषांवर जातो ते निकष जाहीर आहेत, यादी जाहीर आहे. शेअरवर पहारा उघड चालू शकतो, तर माणसावरचा पहारा अंधारात का?

सर्वोच्च न्यायालयानेही यातून वाट काढून दिली आहे. 2016 च्या किशोर अजमेरा प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की संगनमताने केलेल्या सौद्यांना प्रत्यक्ष पुरावा मिळणं कठीण असतं, म्हणून परिस्थितीवरून, शक्यतेच्या तराजूवर निष्कर्ष काढता येईल. हे योग्यच आहे. लबाडी करणारे करार लिहून ठेवत नाहीत. पण पुरावा हलका चालणार असेल तर समोरच्याला त्याचा खुलासा करण्याची संधी तितकीच भरभक्कम हवी, नाही का? 2022 च्या टकानो प्रकरणात न्यायालयाने सेबीला हेच सांगितलं: ज्या चौकशी अहवालाच्या आधारे कारवाई करता तो संबंधित माणसाला द्या, त्यात तिऱ्हाइतांची किंवा बाजाराच्या हिताची नाजूक माहिती असेल तर तेवढी झाकता येईल. म्हणजे गुप्तताही राखता येते आणि आरोपही सांगता येतो. हे बंधन वैधानिक नियामकाला लागू आहे. खासगी ॲप मात्र तोच नियम राबवताना हे बंधन आपलं नाही अशा थाटात वागतं.

मग संख्येचा मुद्दा येतो. लाखो खाती, हजारो अलर्ट, प्रत्येकाला खुलासा कसा पाठवणार? मला हा मुद्दा समजतच नाही. संशयित सौदा माणसाने शोधलेला नसतो, यंत्राने शोधलेला असतो. ज्या यंत्राला तो सापडतो त्याला तो मेलमध्ये लिहिता येत नाही? ग्राहकाने स्वतःहून आपलं खातं गोठवायला सांगितलं तर बाजाराच्या वेळेत ते 15 मिनिटांत झालं पाहिजे, असा दंडक सेबीच्या 2024 च्या परिपत्रकावरून आखलेल्या नियमावलीत आहे. बंद करायला 15 मिनिटांची मुदत लिहिता येते, तर का बंद केलं हे सांगायलाही मुदत लिहिता येईल.

अडचण संख्येची नाही, तराजू कुठे कलतो याची आहे, आणि हे नीट समजून घेतलं पाहिजे. 2024 च्या दुरुस्तीने सेबीने ब्रोकरवरच, म्हणजे अशी ॲप चालवणाऱ्या दलालांवरच, जबाबदारी टाकली: गैरव्यवहार रोखण्याची आणि शोधण्याची यंत्रणा तुम्ही उभी करा, उत्तर तुम्ही द्या. मी या दुरुस्तीच्या बाजूचा आहे. ग्राहक आणणारा, त्याची ऑर्डर हाताळणारा ब्रोकर 'मला काय माहीत' म्हणून सुटत होता, ते थांबायलाच हवं होतं. पण परिणाम बघा. एखादा लबाड निसटला तर ब्रोकरला दंड होऊ शकतो; एखादा निर्दोष महिनाभर अडकला तर कोणालाच काही होत नाही. तराजूच्या एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात काहीच नाही, मग तो कुठे झुकेल? संशय आला की गोठवा, आणि विसरा. यात कोणी दुष्ट असण्याची गरज नाही. दुसऱ्या पारड्यातही वजन टाकावं लागेल: मुदतीत कारण दिलं नाही तर खातं आपोआप खुलं व्हावं, आणि अडकलेल्या रकमेवर त्या दिवसांचं व्याज द्यावं लागावं.

कोणी म्हणेल, खातं उघडताना 'मान्य आहे' वर टिचकी मारली ना? मारली. पण 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 'अनुचित करार' ही कल्पना ओळखतो, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारं कलम त्यात मोडतं. टिचकीने माणूस नियम पाळायचं वचन देतो. आरोप न ऐकता शिक्षा भोगायचं वचन कोणी देत नाही, आणि दिलं तरी ते कायद्यात टिकू नये.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. 3 जुलै 2025 रोजी सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि 4,843 कोटींहून अधिक रक्कम अडकवली. आरोप असा की एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्यांची मुदत संपण्याच्या, दिवशी सकाळी बँक निफ्टी या बँकांच्या निर्देशांकातले शेअर आणि फ्यूचर्स मोठ्या प्रमाणावर घेऊन निर्देशांक वर नेला, ऑप्शन्समध्ये त्याच्या कितीतरी पट उलट बाजू धरली, आणि दुपारी विकून तो खाली आणला. 17 जानेवारी 2024 या एका दिवसाचा ऑप्शन्समधला नफा आदेशात 734 कोटींच्या वर दाखवला आहे. कंपनीने आरोप नाकारले, प्रकरण अपिलात गेलं. खरं-खोटं तिथे ठरेल. या कारवाईचं मी स्वागत करतो. पण तिची रीत पाहा. फेब्रुवारी 2025 मध्ये एक्स्चेंजने सावधगिरीचं पत्र दिलं. मग 105 पानांचा आदेश, दिवसागणिक, आकड्यांसह, सगळ्या जगाला वाचता येईल असा. म्हणणं मांडायला संधी, वर अपिलाची पायरी. हजारो कोटींच्या कंपनीला 105 पानं आणि नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात पगारावर राबणाऱ्या आमच्या गल्लीतल्या पोराला दोन ओळी? मोठ्याला मिळालं ते काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्या 105 पानांतलं एक पान छोट्याला द्या.

आणि निवाडा कोणी करायचा? दलालांनी चालवलेल्या बाजाराचा अनुभव आपण घेतला आहे. 2001 च्या शेअर घोटाळ्यानंतर मुंबई शेअर बाजाराच्या संचालक मंडळावरून दलाल संचालकांना दूर केलं गेलं, आणि सौदे करणाऱ्यांकडून बाजाराची मालकी व कारभार वेगळा काढण्याची वाट धरली गेली. ज्याचा हात भावात आहे त्याच्या हातात पहाऱ्याची चावी नको, हे तेव्हा देशाने स्वीकारलं. आज परदेशातून चालणाऱ्या काही संस्था मुलांकडून फी घेऊन 'परीक्षा पास करा, आमच्या भांडवलावर व्यापार करा' म्हणतात, आणि नफा काढायची वेळ आली की 'निषिद्ध पद्धत वापरली' म्हणून तो नाकारू शकतात. तिथे नफा नाकारणाऱ्याच्याच खिशात तो नफा राहतो. हा डब्बाच, फक्त इंग्रजीतला. आपल्याकडचे नोंदणीकृत ब्रोकर तिथवर गेलेले नाहीत, पण अंतिम निवाडा त्यांच्याही घरातच राहू नये. गोठवण्याचा अधिकार ब्रोकरचा. सात दिवसांत सौदा आणि नियम सांगण्याचं बंधन ब्रोकरवर. खुलासा पटला नाही तर कागद एक्स्चेंजकडे, आणि ठरावीक दिवसांत त्यांचा सकारण निर्णय. एवढंच मागणं आहे. तक्रारींसाठी ऑनलाइन तंटा निवारणाची सोय 2023 पासून आहेच, पण आरोपच माहीत नसलेला माणूस तिथे जाऊन भांडणार कशाबद्दल?

त्या मुलाबद्दल थोडं सांगतो. तो माझ्याकडे आला तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्याचं आणि त्याच्या आईचं, दोन्ही खाती बंद होती. चार मेल गेल्या होत्या, चारही वेळा उत्तर एकच: प्रकरण संबंधित विभागाकडे आहे. "काका, मी काय केलं ते तरी सांगा म्हणा त्यांना," तो म्हणाला. "चूक असेल तर कबूल करतो." आईचं खातं तोच स्वतःच्या मोबाइलवरून चालवायचा, तिच्या लेखी अधिकारपत्राशिवाय. ही चूक होती आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं.

मग एका रात्री आम्ही दोन्ही खात्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्यांच्या पावत्या, छापून जेवणाच्या टेबलावर पसरल्या. पावणेदोन तास लागले. धाकट्या बहिणीच्या हॉस्टेलची फी भरायची म्हणून त्याने आईच्या खात्यातून एका छोट्या कंपनीचे 200 शेअर विकायला लावले होते. नंतर ऑफिसात बसल्या बसल्या, शेअर चांगला आहे, आपणच घेऊ, असं वाटून स्वतःच्या खात्यातून खरेदी केली. त्या शेअरला त्या दिवशी गिऱ्हाईकच नव्हतं. वेळ सकाळी 11.42, आणि दोन्ही कागदांवर ट्रेड नंबर एकच. मुलाने आईकडून घेतले होते. यंत्राने घंटा वाजवली ती बरोबरच वाजवली होती.

त्याने खुलासा लिहिला, दोन्ही नोट जोडल्या, आईचं अधिकारपत्र जोडलं. आई सही करायला बाहेर आली तेव्हा तो नंबर तिने बोट ठेवून दोनदा वाचला. "भाऊजी, पहिल्याच दिवशी त्यांनी एवढा नंबर कळवला असता," ती म्हणाली, "तर मी त्याच संध्याकाळी सही करून दिली असती."